ग्लोव्ह्ज तिथे मिळतात, कागद मिळत नाहीत

परवा एका वडिलांनी मोबाईलवर एका पत्राचा फोटो पाठवला. सोनेरी किनार, वर पृथ्वीचा गोल, खाली तीन सह्या. 'आपल्या कन्येची आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धेसाठी निवड झाली आहे.' स्पर्धा शेजारच्या देशात, चार दिवसांची. आठवड्याभरात पंचेचाळीस हजार रुपये भरायचे, त्यात प्रवास, राहणं-जेवण, ट्रॅकसूट आणि पदक. पदकसुद्धा पॅकेजमध्ये! मुलगी चौदा वर्षांची, जिल्ह्यात दुसरी आलेली. वडिलांचा प्रश्न एका ओळीचा होता: 'सोनं मोडू का?'

असे फोन आणि मेसेज आता नेहमीचे झाले आहेत. कुणाला पासपोर्टची काळजी, कुणाला वजनाची, कुणाच्या मुलीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची भीती. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा सविस्तर लिहितो. पालकांनी वाचावंच, पण पंधरा-सोळाच्या पुढच्या मुलींनी स्वतः वाचलं तर जास्त बरं. रिंगमध्ये त्या एकट्या असतात आणि डोपिंग कंट्रोलच्या खोलीत सहीही त्यांचीच लागते.

परदेशी जाण्याचा रस्ता एकच आहे

अधिकृत आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धेत खेळाडूला, क्लबला किंवा जिल्हा संघटनेला परस्पर नाव देता येत नाही. प्रवेशिका देशाची राष्ट्रीय संघटना पाठवते. आपल्याकडे ती भारतीय बॉक्सिंग महासंघ पाठवतो. तिथवर पोचायचं म्हणजे जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा, तिथून राष्ट्रीय शिबिर आणि शिबिरातली निवड. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्सेला युवा जागतिक सुवर्ण जिंकली. पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये स्पेनच्या ला नुसियामध्ये ५२ किलोत युवा विश्वविजेती झाली. दोघी भारतीय संघातून गेल्या होत्या.

अलीकडे आणखी एक गोंधळ झाला आहे. जागतिक पातळीवर दोन संघटना आहेत. 'आयबीए' या जुन्या संघटनेची मान्यता आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२३ मध्ये काढून घेतली. 'वर्ल्ड बॉक्सिंग' ही नवी संघटना २०२३ मध्येच उभी राहिली, भारत २०२४ मध्ये तिचा सदस्य झाला आणि २०२५ मध्ये तिला ऑलिम्पिक समितीची तात्पुरती मान्यता मिळाली. लॉस एंजेलिस २०२८ ऑलिम्पिकचा रस्ता या दुसऱ्या संघटनेतून जातो. त्यामुळे 'वर्ल्ड' शब्द दिसला म्हणून भुलू नका, खालची संघटना कोणती ते वाचा.

कुठलंही निवडपत्र आलं की पैशांचा विचार करण्याआधी पाठवणाऱ्याला हे लेखी विचारा:

- ही स्पर्धा भारतीय बॉक्सिंग महासंघाच्या कार्यक्रमात आहे का? असल्यास महासंघाचं पत्र कुठे आहे?
- निवड कोणत्या स्पर्धेच्या किंवा चाचणीच्या निकालावरून झाली?
- या वजनगटात किती देशांच्या मुली आहेत?
- पैसे कोणाच्या नावावर, कोणत्या खात्यात जाणार आणि पावती कोण देणार?

भारतीय संघाच्या मान्य दौऱ्याचा खर्च सहसा सरकार आणि महासंघ उचलतात. सरकारी मदतीशिवाय, स्वखर्चाने जाणारे संघही असतात, नाही असं नाही. पण तसं असेल तर ते महासंघाच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं.

'पैसे गेले तर गेले, प्रमाणपत्र तर मिळेल' असं म्हणणारे पालक भेटतात, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. विकतचं पदक तिथे टिकत नाही. उलट खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळवली असेल तर ती जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

वयाचा दाखला आणि नावाची भानगड

वयोगट जन्मसालावर ठरतात. १५-१६ वर्षांच्या मुली सतरा वर्षांखालील गटात, १७-१८ च्या एकोणीस वर्षांखालील गटात आणि १९ ते ४० पर्यंत एलिट म्हणजे वरिष्ठ गट. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत वेळेवर झाली असेल तर प्रश्न नाही. दहा-बारा वर्षांनी नोंदवलेल्या दाखल्यावर मात्र शंका घेतली जाते. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख टाकली असेल, तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्या. मुलगी शिबिरात गेल्यावर नको.

दुसरी भानगड आपल्या नावांची. आधी मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आधारवर तिन्ही, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, महासंघाच्या नोंदणीत वडिलांचं नाव गळलेलं आणि पासपोर्टवर चौथीच तऱ्हा. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि स्पर्धेची नोंद पासपोर्टवरच्या नावाने होते. म्हणून पासपोर्ट काढतानाच सगळीकडची स्पेलिंग एक करून घ्या. आणि लग्न झालं म्हणून हंगामाच्या मध्यावर आडनाव बदलायची घाई नको. नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ऐन व्हिसाच्या वेळी सासरच्या हौसेपायी नवा पासपोर्ट काढायला निघालेली मुलगी मी पाहिली आहे.

पासपोर्ट-व्हिसा: निवड होण्याआधीच सुरुवात

- राज्य पातळीवर पदक आलं की पासपोर्ट काढून ठेवा. संघ जाहीर झाल्यावर तत्काळच्या रांगेत उभं राहण्यात सरावाचे दिवस जातात.
- अठरा वर्षांखालील मुलीसाठी आई-वडील दोघांची संमती लागते. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे मुदत तपासत राहा. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत आणि दोन-तीन कोरी पानं असावीत.
- पोलंड, स्पेन यांसारख्या देशांच्या शेंगेन व्हिसासाठी बारा वर्षांवरच्या अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेतात. त्यासाठी मुलीला स्वतः केंद्रावर जावं लागतं. अर्जावर निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरा. गर्दीच्या दिवसांत जास्तही लागतात.
- संघाचा व्हिसा महासंघ बघत असला तरी फोटो, बँकेची कागदपत्रं आणि अज्ञान मुलीसाठी पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र घरूनच द्यावं लागतं. त्याची स्कॅन प्रत मोबाईलमध्ये ठेवा.
- विम्याची प्रत मागून घ्या आणि त्यात बॉक्सिंगमध्ये झालेली दुखापत धरली आहे का ते वाचा. साध्या पर्यटन विम्यात अशा खेळांतल्या दुखापती बहुधा वगळलेल्या असतात.

लिंगचाचणीचा कागद

ही गोष्ट नवी आहे आणि घरी बोलायला अवघड, म्हणून सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. २०२५ पासून वर्ल्ड बॉक्सिंगने अठरा वर्षांवरच्या खेळाडूंना जनुकीय लिंगचाचणी सक्तीची केली. गालाच्या आतल्या बाजूने कापसाने घेतलेला नमुना, लाळ किंवा रक्त यावरून एसआरवाय हे जनुक आहे का, एवढं पाहिलं जातं. कपडे काढून तपासणी वगैरे यात काही नसते. चाचणी एकदाच करायची असते आणि ती करवून घेण्याची जबाबदारी राष्ट्रीय संघटनेची.

वेळेचं महत्त्व कळायला लिव्हरपूल आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे जागतिक स्पर्धा झाली. फ्रान्सच्या पाच मुली तिथे पोचल्या होत्या, पण त्यांच्या चाचणीचे अहवाल मुदतीत आले नाहीत. पाचही जणी एकही ठोसा न मारता परतल्या. त्याच स्पर्धेत आपल्या जास्मिन लंबोरियाने ५७ किलोत आणि मीनाक्षी हुडाने ४८ किलोत सुवर्ण जिंकलं. तेव्हा शिबिरात नमुना घेतला की तारीख लिहून ठेवा आणि अहवाल पोचला का ते विचारत राहा. अहवाल खासगी असतो. तो शिबिराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा कागद नाही. निकाल अनपेक्षित आला तर आधी तज्ज्ञ डॉक्टर, मग अपील. दरम्यान कुणालाही, पत्रकारांनाही, उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

याशिवाय महिला बॉक्सरला गर्भवती नसल्याचं निवेदन सही करून द्यावं लागतं, अज्ञान असेल तर पालकांच्या सहीने. हा सगळ्यांसाठीचा सुरक्षेचा नियम आहे. त्यात चारित्र्यावर संशय घेतल्यासारखं काही नाही, पण ऐन वेळी तो कागद समोर आला की घरात वादळ उठतं. मुलीला आधीच सांगून ठेवा.

वजन: इथेच दौरे वाया जातात

वर्ल्ड बॉक्सिंगचे वरिष्ठ महिलांचे दहा गट आहेत: ४८, ५१, ५४, ५७, ६०, ६५, ७०, ७५, ८० आणि ८० च्या वर. ऑलिम्पिकमध्ये मात्र गट कमी असतात. लंडन २०१२ ला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं तेव्हा तीनच होते, पॅरिसला सहा झाले, लॉस एंजेलिसला सात होणार आहेत. लव्हलिना बोर्गोहेनने टोकियोत ६९ किलोत कांस्य जिंकलं. पॅरिसला तो गटच नव्हता, तिला ७५ मध्ये जावं लागलं. म्हणून गट ठरवताना मुलीची उंची आणि वाढ यांच्याबरोबर पुढच्या चार वर्षांत तो गट कुठे-कुठे खेळवला जाणार हेही प्रशिक्षकांना विचारा.

वजन एकदाच होत नाही. ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं. पाच लढती म्हणजे पाच सकाळी. २०१८ मध्ये मेरी कोम पोलंडच्या ग्लिवित्सेला पहाटे तीन-साडेतीनला पोचली. वजन साडेसातला आणि काट्यावर दोनेक किलो जास्त. तिने तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या, वजन बसवलं आणि ४८ किलोचं सुवर्णही जिंकलं. ही गोष्ट सांगून मुलींना स्फूर्ती देणारे पुष्कळ आहेत. मी ती उलट्या कारणासाठी सांगतो. पाच वेळची विश्वविजेती असलेली मेरी स्वतःचं शरीर ओळखून होती. सतरा वर्षांच्या मुलीने घामाचा सूट घालून, पाणी तोडून एका रात्रीत दोन किलो उतरवले तर ती काट्यावर बसेल, पण दुसऱ्या फेरीत तिचे पाय चालणार नाहीत.

- निघण्याच्या दिवशी वजन गटाच्या मर्यादेपेक्षा फार वर नको. विमानात पायांना सूज येते, पाणी साठतं.
- पाळीच्या आसपास वजन एक-दीड किलो वर-खाली होतं. तीन-चार महिने पाळी आणि वजनाची वहीत नोंद ठेवा, तुमचा स्वतःचा आकडा कळेल. पाळी पुढे ढकलायची गोळी परदेश दौऱ्यात आयुष्यात पहिल्यांदा घेऊ नका.
- सलग तीन महिने पाळी आली नाही तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका. शरीराला खाणं पुरत नसल्याची ती खूण असू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.
- पोचल्यावर आधी सरावाच्या काट्यावर वजन बघा. घरचा काटा आणि तिथला काटा यांत फरक निघतो.

आणि आईने प्रेमाने दिलेला चिवडा! मिठाचा पदार्थ वजनाच्या आदल्या रात्री खाल्ला की शरीर पाणी धरून ठेवतं. डबा परतीच्या प्रवासासाठी ठेवा. भाजलेले शेंगदाणे, खजूर, पोहे चालतात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे विमानतळावरच टाकावे लागतील.

औषधं आणि ठावठिकाणा

उत्तेजक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिरिंज येते. प्रत्यक्षात आपल्या मुली अडकतात त्या घरातल्या औषधाच्या डब्यामुळे. पीसीओडी असलेल्या मुलींना दिली जाणारी दोन-तीन औषधं बंदी असलेल्या यादीत आहेत: लेट्रोझोल, क्लोमिफिन आणि चेहऱ्यावरची लव किंवा मुरुमांसाठी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन. वजन उतरवायला कुणी 'लघवीची गोळी' दिली, म्हणजे फ्युरोसेमाइड, तर तीही बंदीच. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप ठरावीक मात्रेपर्यंत चालतो. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतलं एफेड्रिन किंवा स्युडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे स्पर्धेच्या दिवशी चालत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य 'मी बॉक्सिंग खेळते, माझी डोप टेस्ट होते' हे असावं. औषधाला पर्याय नसेल तर उपचारापुरती सूट मिळते, त्यासाठी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, आधी अर्ज करा. औषध तपासायचं नाडाचं अॅपही आहे. जिममधली लेबल नसलेली पावडर आणि पुडीतलं चूर्ण याबद्दल मी एवढंच म्हणेन की आत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि जबाबदारी घेणाऱ्या मुलीची असते.

चाचणीच्या वेळी काय होतं हे मुलीला आधी सांगा, कारण पहिल्यांदा धक्का बसतो. एक महिला अधिकारी सोबत येते आणि नमुना देताना समोर उभी राहते. किमान ९० मिलिलिटर लागतं. वजनासाठी पाणी तोडलेल्या मुलीला त्यासाठी दोन-तीन तास बसावं लागू शकतं. तिचे हक्क असे:

- अधिकाऱ्याचं ओळखपत्र पाहणे
- सोबत प्रशिक्षक किंवा प्रतिनिधी ठेवणे, गरज असेल तर दुभाषा मागणे
- सीलबंद किट स्वतः निवडणे आणि बाटल्यांचे क्रमांक जुळवून पाहणे
- घेतलेली औषधं आणि तक्रार फॉर्मवर लिहिणे, प्रत घेणे
- नमुना सदोष ठरला तर 'ब' नमुन्याची तपासणी मागणे

नमुना द्यायला नकार मात्र देऊ नका. नकार हाच गुन्हा धरतात.

वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना रोजचा ठावठिकाणा ऑनलाइन भरावा लागतो: रात्री कुठे झोपणार आणि दिवसातला कोणता एक तास कुठे हमखास सापडणार. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी. परवीन हुडाने एशियाडमध्ये ५७ किलोत पदक जिंकून पॅरिस ऑलिम्पिकची जागा मिळवली होती. तिच्या शरीरात कोणताही पदार्थ सापडला नव्हता. तीनदा ठावठिकाणा चुकला, २२ महिन्यांची बंदी आली आणि भारताची जागा गेली. मग ६० किलोत खेळणाऱ्या जास्मिनने ५७ मध्ये उतरून ती जागा बँकॉकच्या पात्रता स्पर्धेत पुन्हा मिळवली. लग्नाला गावी जाताना, शिबिरातून सुट्टी मिळाल्यावर, हॉस्टेलची खोली बदलल्यावर आधी तो फॉर्म. तो भाऊ किंवा कोच भरत असेल तरी चूक मुलीच्या नावावर चढते.

बॅगेत काय

स्पर्धेचे ग्लोव्ह्ज आयोजक देतात. आपले ग्लोव्ह्ज सरावापुरते. लाल आणि निळा असे दोन्ही पोशाख, हेडगार्ड, दोन गमशील्ड (लाल रंगाचं चालत नाही), बँडेज, छातीचं संरक्षक, बूट. बूट आणि गमशील्ड हातातल्या बॅगेत ठेवा. सामान हरवलं तर बाकी उसनं मिळतं, दुसऱ्याच्या दातांचं गमशील्ड मिळत नाही.

डोक्याला मार लागला तर

नॉकआउट झालं किंवा डोक्याच्या माराने लढत थांबवली, तर किमान तीस दिवस लढत नाही आणि स्पारिंगही नाही. शुद्ध हरपली असेल तर विश्रांती महिन्यांत मोजतात. हे परदेशातला डॉक्टर नोंदवतो, पण घरी परतल्यावर गावातल्या सत्काराच्या प्रदर्शनीय लढतीत उभं करणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. उलटी, सतत डोकेदुखी, उजेड सहन न होणं, नेहमीचं विसरणं यातलं काही दिसलं तर मुलीचं 'काही नाही, ठीक आहे' ऐकू नका. पुढच्या संघातून नाव जाईल या भीतीने ती तेच म्हणणार.

निवडीत अन्याय वाटला, किंवा त्याहून वाईट काही घडलं

२०१९ मध्ये निखत झरीनने मेरी कोमविरुद्ध चाचणी लढत मिळावी म्हणून थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. चाचणी झाली, निखत ९-१ अशी हरली. आणि २०२२ मध्ये इस्तंबूलला तीच विश्वविजेती झाली. मागणं हा उद्धटपणा नाही. निवडीचे निकष लेखी मागा, मुदतीत हरकत नोंदवा, उत्तराची प्रत ठेवा. कोर्टाचा दरवाजा शेवटचा. २०२३ मध्ये तीन मुली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, न्यायालयाने संघनिवडीत हात घातला नाही.

छळाच्या तक्रारीचा मार्ग वेगळा आहे आणि तिथे थांबायचं कारण नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाची जागा' या व्याख्येत स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचं ठिकाण स्पष्ट लिहिलं आहे. तक्रार अंतर्गत समितीकडे, ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत करायची. मुलगी अठराच्या आतली असेल तर बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा लागतो आणि थेट पोलिसांत जाता येतं. महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असावी, असं भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२२ मध्ये बंधनकारक केलं. निघण्याआधी विचारा: सोबत कोण बाई आहेत, त्यांचा नंबर काय, खोलीत कोण. खासगी कोचला क्रीडाग्रामात प्रवेश मिळेलच असं नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हलिनाच्या कोचलाही तो झगडून मिळाला होता.

प्रोफेशनल व्हायचं म्हणाली तर

केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांनी २०२२ मध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवलं, त्यानंतर हा प्रश्न वाढला. प्रो बॉक्सिंग हा वेगळा धंदा आहे. महिलांच्या फेऱ्या सहसा दोन मिनिटांच्या, जेतेपदाची लढत दहा फेऱ्यांची, हेडगार्ड नाही आणि सरकारी खर्चही नाही. परदेशी प्रवर्तकाचा करार आला तर मुदत किती, तो एकतर्फी वाढवता येतो का, बक्षिसातला वाटा कुणाकुणाला, दुखापतीचा खर्च कुणाचा, एवढं वकिलाकडून वाचून घ्या. टेलर आधी लंडनमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली होती. वीस वर्षांच्या मुलीने आधी राष्ट्रीय संघात जागा करावी, हे माझं मत. खेलो इंडियात निवड झाली तर महिना दहा हजार हातखर्च मिळतो, सरकारच्या 'टॉप्स' या ऑलिम्पिक तयारीच्या योजनेच्या विकास गटात पंचवीस हजार आणि मुख्य गटात पन्नास हजार. प्रोमध्ये सुरुवातीच्या लढतींतून एवढं सुटेलच असं नाही.

त्या वडिलांनी सोनं मोडलं नाही. पत्रावरच्या नंबरवर त्यांनी वरचे चार प्रश्न पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'सर, तुमच्यासाठी तीस हजारांत बसवतो.'